अंगण स्वच्छ करून ठेव

कुसुमताईंच्या घरात कुणाला काही सांगायची पद्धतच नव्हती. बघून शिकायचं. पुरण किती शिजवायचं, समई कधी लावायची, पाहुणा आला की आधी पाणी की आधी चहा, सगळं बघून. त्यांच्या सासूबाईंनी त्यांना कधी काही सांगितलं नव्हतं, आणि तरी हैदराबादेत काचीगुड्याच्या त्या गल्लीत त्या जन्मभर नांदल्या ते कुणाचं बोट स्वतःकडे वळू न देता. "विचारत काय बसायचं? देवानं डोळे दिलेत ना," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऐकायला ठसकेबाज आहे खरं, पण ते ज्याला सगळं आधीच येतं त्यालाच परवडतं. ज्याला येत नाही त्याचं काय होतं, ते कुसुमताईंना कळलं तेव्हा सांगण्यासारखं काही हातात उरलं नव्हतं.

उदय त्यांचा एकुलता एक. वडील लवकर गेले, कुसुमताईंनी शाळेची नोकरी करून त्याला वाढवला. कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला आणि तिथल्याच पद्मावतीशी लग्न करतो म्हणाला. मुलगी वरंगलची, तेलुगू. कुसुमताईंनी चार दिवस तोंड फुगवलं. मग ती घरी आली, चहा प्यायली, आणि कुणी न सांगता कप विसळून पालथा घालून गेली. "बघून शिकेल," असं म्हणून कुसुमताईंचा विरोध तिथेच संपला. लग्नानंतर ती त्यांना अत्तम्मा, म्हणजे सासूबाई, म्हणायला लागली, तर यांनी डोळे वटारले. "अत्तम्मा काय, आई म्हण." तेव्हापासून ती आई म्हणायला लागली, आणि ते तिच्या तोंडून फार गोड वाटायचं, हे कुसुमताईंनी तिला अर्थातच कधी सांगितलं नाही.

उदयनं घर घेतलं ते घटकेसरच्या पलीकडे, नव्या कॉलनीत. मागे मोठा खडकाळ गुट्टा, म्हणजे टेकाड, त्यावर कमरेएवढं गवत, बाभळी, सीताफळीची झुडपं. गुट्टा जंगलखात्याचा आणि भिंतीच्या अलीकडचं आपलं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून सगळी कॉलनी आपला पालापाचोळा, छाटलेल्या फांद्या, नारळाच्या झावळ्या भिंतीवरून पलीकडे टाकायची. कचरा भिंतीपलीकडे गेला की तो आपला राहत नाही, असा आपल्या लोकांचा एक समज आहे. फाल्गुनापर्यंत तिथे वाळलेल्या कचऱ्याची रासच्या रास झाली होती. जाता येता सगळ्यांना दिसायची, आणि कुणालाच दिसायची नाही.

काचीगुड्याला होळी सगळ्या गल्लीची असायची. इथे पहिल्यांदाच स्वतःच्या अंगणात होळी, आणि तीही सून घरात आल्यावरची पहिली. कुसुमताई हौसेनं कामाला लागल्या होत्या. आदल्या आठवड्यात गोवऱ्या मिळवल्या, एरंडाची फांदी कुठून तरी आणवली, पुरणपोळीचा नैवेद्य केला. उदयनं बोंब मारली ती एवढ्या जोरात की समोरचे प्रकाशराव घाबरून बाहेर आले. प्रकाशराव कॉलनीचे सेक्रेटरी, त्यांना सगळ्याचीच काळजी. पद्मा हसून हसून दमली. तिच्याकडे असला आरडाओरडा नसतो. तिच्याकडे संक्रांतीच्या आदल्या पहाटे भोगीचा जाळ करतात, जुनी खुर्ची, मोडका पाट त्यात टाकतात, आणि उन्हं वर यायच्या आत सगळं आवरून राख टाकून त्या जागी मुग्गू काढतात, म्हणजे आपली रांगोळी. तिचा जाळ सकाळी पेटतो आणि सकाळीच संपतो.

कुसुमताईंची होळी मात्र संध्याकाळी पेटते आणि रात्री विझवायची नसते. त्यांच्या माहेरी, सासरी, दोन्हीकडे हीच रीत. जाळ बसला की तळाशी एक जाड गोवरी सरकवायची आणि वरून राखेनं नीट झाकायचं. आत निखारा रात्रभर जागा राहतो. सकाळी धुळवडीला राख बाजूला सारून त्यावर पाण्याचा हंडा चढवायचा, ते पाणी तांब्याच्या घंगाळात ओतायचं आणि पोराला न्हाऊ घालायचं. होळीवरचं पाणी अंगावर पडलं की पोराला उन्हाळा बाधत नाही. मग दुधाचा हबका मारून होळी शांत करायची. उदय चौतिशीचा झाला तरी धुळवडीच्या सकाळी मोरीत उकिडवा बसायचा आणि पहिला तांब्या आईकडून अंगावर घ्यायचा. त्याला उन्हाळा बाधू नये म्हणून, एवढ्याचसाठी कुसुमताईंनी त्या रात्री स्वतःच्या हातानं निखारे झाकले. राख सारखी केली, थोपटली. आणि आत जाता जाता सुनेला म्हणाल्या, "उद्या धुळवड. सकाळी अंगण स्वच्छ करून ठेव."

त्यांना म्हणायचं होतं, अंघोळी झाल्यावर. पण तसं त्या म्हणाल्या नाहीत. ते काय सांगायचं?

पद्मा सगळ्यांच्या आधी उठली. सासूनं कधी नव्हे ते एक काम सांगितलं होतं, ते चांगलंच करायचं असं तिच्या मनात. अंगणात होळीच्या जागी करडी राख, वर ना धूर ना ठिणगी. तिनं फावड्यानं ती घमेल्यात भरली, मागच्या भिंतीवरून पलीकडे रिकामी केली, जिथे सगळी कॉलनी टाकते तिथेच. अंगण झाडलं, सडा घातला आणि मधोमध मोठा मुग्गू काढून त्यात गुलाल भरला. कुसुमताई हंडा घेऊन बाहेर आल्या तर होळीच्या जागी कमळं फुललेली.

"राख कुठाय?"

"टाकली, आई. मागे."

"अगं, त्यावर पाणी तापवायचं होतं ना उदयचं! एवढंही कळत नाही?"

बघा, तेव्हासुद्धा त्यांना दुःख झालं ते पाण्याचं. निखारा भिंतीपलीकडे गेला हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. पद्माचा चेहरा एवढासा झाला. उदय दात घासत बाहेर आला आणि म्हणाला, "जाने दे गं आई, गीझर आहे की. ये पद्मा, काय फर्स्टक्लास काढलंयस." आणि मुग्गूचा फोटो काढला. चहा होईपर्यंत मागून धूर आला.

आधी वाटलं, कुणी पाला जाळतंय. मग तडतड ऐकू यायला लागली. कॉलनीतले पुरुष ओली पोती, झाडांच्या फांद्या, जे हाताला लागेल ते घेऊन धावले. उदयनं गोणपाट बादलीत बुडवलं. "नक्को परेशान होऊ, आलोच," म्हणाला आणि भिंतीवरून उडी मारून गेला. पद्मा मागच्या मागे धावली आणि राशीतल्या पेटत्या झावळ्या हातांनी ओढून बाजूला करायला लागली, दोन्ही तळवे भाजले तरी थांबेना. शेवटी बायकांनी धरून तिला मागे आणलं. आगीचा बंब आला तो रस्त्यावरच थांबला, गुट्ट्यावर चढणार कसा? वाऱ्यानं आग वर नेली. उदय खडकावरून वळसा घालून आगीच्या पुढे गेला होता, वरून झोडपायला. तो तिथे सापडला, दोन खडकांच्या मध्ये. डॉक्टर म्हणाले, भाजण्यानं नाही, धुरानं गेला. हे त्यांनी समजूत घालण्यासाठी म्हटलं असावं. कुसुमताईंना त्यात काही समजूत सापडली नाही.

दुपारी मलकपेठहून मंगला आली. मंगला त्यांची धाकटी नणंद, जिला कुणाच्याही घरचं आधी कळावं लागतं. घर माणसांनी भरलेलं. पद्मा भिंतीला टेकून बसलेली, तिच्या हातांना कुणीतरी ओलं फडकं गुंडाळलेलं. मंगलानं वहिनीला मिठी मारली आणि विचारलं, "कशी गं लागली आग?"

"हिनं राख फेकली," कुसुमताई म्हणाल्या.

खोटं नव्हतं ते. पण त्याच्या पुढचं वाक्य त्यांच्या घशाशी आलं होतं, की निखारे मी झाकले होते आणि अंगण स्वच्छ कर असं मीच म्हटलं होतं. ते आलं आणि परत खाली गेलं. पोटचा गोळा गेल्यावर आईला कुणाचा तरी राग यावा लागतो. स्वतःचा आला तर ती तिथल्या तिथे मरते. कुसुमताई मेल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

पद्मानं मान वर करून त्यांच्याकडे एकदा बघितलं. तेव्हापासून तिनं त्यांना आई म्हणणं सोडलं. अत्तम्माही म्हणेना. काहीच न म्हणता बोलायची, "जेवायला वाढलंय", "गोळी घेतली का", असं.

त्या एका वाक्याला पाय फुटले. मलकपेठहून चिक्कडपल्लीला गेलं, तिथून पुण्याच्या भाच्याकडे गेलं, आणि जाता जाता वाढत गेलं. सुनेनं पेटती राख फेकली. सुनेला सांगूनसुद्धा तिनं ऐकलं नाही. तेलुगू ती, तिला आपल्या सणाचं काय? पोलिसांनी पंचनामा करून अपघात म्हणून मिटवलं, पण माणसांचा पंचनामा कुठे मिटतो? तेराव्याला आलेली माणसं पद्माच्या हातचं पाणी घ्यायला कां-कू करत होती. कुसुमताईंनी ते पाहिलं. डोळे होते ना त्यांना.

आणि ती पोरगी मात्र कुठे गेली नाही. हातांच्या पट्ट्या निघाल्या तशी कामाला लागली, घरातूनच ऑफिसचं करायची. चैत्र गेला, वैशाख गेला. कुसुमताईंचे गुडघे आणि घोटे संध्याकाळी सुजतात, म्हणून रोज दिवेलागणीला त्याच तांब्याच्या घंगाळात गरम पाणी, त्यात मीठ, खुर्चीपाशी आणून ठेवायची. बाजूला टॉवेल घडी घालून. एक संध्याकाळ चुकवली नाही तिनं. कुसुमताई पाय पाण्यात सोडायच्या आणि रोज ठरवायच्या की आज बोलायचं. पाणी गार व्हायचं, पद्मा घंगाळ उचलून न्यायची, आणि ते राहून जायचं. जन्मभर काही न सांगण्याची सवय असली की ऐन वेळी जीभ कशी वळणार?

पाऊस झाला आणि गुट्टा काही घडलंच नाही असा हिरवागार झाला. त्यानंतर कॉलनीत मीटिंग लागली. पुढच्या उन्हाळ्याआधी जाळण्याचे नियम ठरवायचे, जंगलखात्याच्या बाई येऊन समजावणार. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. रविवारी संध्याकाळी कम्युनिटी हॉलमध्ये, असं प्रकाशराव दारात येऊन सांगून गेले. ते सांगून गेले त्याच दिवशी सकाळी पद्मा पोहे वाढताना म्हणाली, "रविवारी माझा अण्णा येतोय कार घेऊन. मी वरंगलला जाते. काम तिथूनही होतं."

"किती दिवस?"

पद्मानं वाडग्यावर झाकण ठेवलं. "सामान बरंच आहे," एवढंच म्हणाली.

पद्मा गेली तर या घरात उदयचं नाव घेणारं कुणी उरणार नव्हतं. तो चहात बिस्किट बुडवून विसरायचा, झोपेत आकडे बडबडायचा, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. त्यातलं एक वरंगलला चाललं होतं, आणि कुसुमताईंनीच त्याला एका वाक्यानं घराबाहेर काढलं होतं. तिला थांबवायचं तर एकच उपाय होता, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रविवारी दुपारी पद्मा स्वयंपाकघरात डबे पुसत होती. कुसुमताई दाराशी उभ्या राहिल्या. बसल्या असत्या तर बोलणं झालं नसतं.

"पद्मा, ते निखारे मी झाकून ठेवले होते. तुला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. वर तुलाच म्हटलं, अंगण स्वच्छ करून ठेव. चूक माझी आहे, बाळा. तुझी नाही."

पद्मानं हातातला डबा पुसून संपवला, झाकण लावलं, फळीवर ठेवला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही पाण्याबद्दल बोललात ना, त्यावरून. धूर आला तेव्हाच कळलं." मग म्हणाली, "घमेलं गरम लागलं होतं हाताला. मला वाटलं, रात्रीची ऊब असेल. मनात आलं, तुम्हाला उठवून विचारावं. दारापर्यंत आले पण होते मी. मग वाटलं, विचारलं तर म्हणाल, एवढंही कळत नाही."

कुसुमताईंनी चौकट धरली. ती पोरगी त्यांच्या दारापर्यंत आली होती. हात वर केला असेल, आणि मग खाली घेतला असेल, त्यांच्या त्या ठसकेबाज वाक्याला भिऊन. दार वाजलं असतं तर उदय आत्ता बाहेरच्या खोलीत मॅच बघत बसला असता.

"मला क्षमा कर," त्या म्हणाल्या.

"मला एकटीला सांगून काय?" पद्माचा आवाज चढला नव्हता. "ते वाक्य तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. हे स्वयंपाकघरात बोलताय. तीन महिने वाट बघितली मी. रोज घंगाळ ठेवताना वाटायचं, आज बोलतील. माझ्याशी नाही हो, लोकांशी."

"आज बोलते. मीटिंगमध्ये. सगळ्यांसमोर बोलते. मग राहशील?"

पद्मानं पुढचा डबा उचलला. कुसुमताईंनी ते न दिलेलं उत्तर 'हो' समजून पदराला बांधलं. माणूस बुडताना काडीचाही आधार घेतो, मग ही तर सून होती.

हॉल भरला होता. सून जाणार हे मंगलाला कुठून कळलं देव जाणे, तीही मलकपेठहून येऊन कुसुमताईंच्या शेजारी बसली होती. जंगलखात्याच्या सुजाता मॅडम तरुण होत्या, तेलुगू-हिंदीत चांगलं सांगत होत्या. जानेवारीतच भिंतीलगतचं गवत कापून रुंद पट्टा मोकळा करायचा, तो पाऊस येईपर्यंत तसाच ठेवायचा. भिंतीपलीकडे पाल्याचं पानही टाकायचं नाही. उघड्यावर जाळायचं नाही. होळी आणि भोगी मैदानात, सगळ्यांची मिळून एकच, आणि ती पूर्ण विझेपर्यंत कुणीतरी दोघांनी तिथून हलायचं नाही. मग म्हणाल्या, आग लागली तर तिच्या वरच्या अंगाला कधी उभं राहू नका. आग चढावर माणसापेक्षा जोरात पळते.

कुसुमताईंनी डोळे मिटले. हे एवढंसं वाक्य. तेही कुणी आधी सांगितलं नव्हतं.

मॅडमनी एक घमेलं मागवलं होतं, त्यात राख. "दिसायला गार असते," त्या म्हणाल्या, "म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. पाणी ओता, ढवळा, परत ओता. मग हाताची मागची बाजू जवळ न्या. ऊब लागली, तर ती विझलेली नाही." पहिल्या रांगेतल्या बायकांनी हात नेऊन बघितले.

प्रकाशराव उठले. त्यांनी मान खाली घालून म्हटलं की मार्चमध्ये आपल्या कॉलनीत जे झालं ते सर्वांना माहीत आहे, कुणाकडून झालं तेही माहीत आहे, आता नाव कशाला घ्यायचं. सगळा हॉल हळहळला. नाव न घेता इतकं स्पष्ट नाव त्या हॉलमध्ये कधी घेतलं गेलं नसेल.

कुसुमताई उभ्या राहिल्या. समोरच्या खुर्चीची पाठ धरली. सगळ्यांना समजावं म्हणून हैदराबादी हिंदीत बोलल्या. "अंगारे मैंच ढाँक को रखी थी. उस बच्ची को बोली नै. उप्पर से मैंच बोली, आंगन साफ करके रख. राख उसने फेकी, लेकिन गलती मेरी है. मेरा बेटा मेरी वजह से गया." शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज फाटला.

कुसुमताईंना वाटलं, आता कुणीतरी बोट दाखवेल, कुणीतरी विचारेल की मग तीन महिने तोंडात मिठाची गुळणी धरून का बसलात. त्या त्यासाठी तयार होत्या. त्यांना ते हवंच होतं.

प्रकाशराव पुढे आले आणि त्यांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "अम्मा," ते म्हणाले, "आपका दिल बहुत बड़ा है. बेटा खोकर भी बहू का इल्जाम अपने सर ले रहे आप."

"नै, नै, सच्ची बोल रही मैं," कुसुमताई म्हणाल्या.

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवल्या. मागच्या बायका डोळे पुसत होत्या. अशी सासू मिळायला भाग्य लागतं, असं एकजण तेलुगूत म्हणाली, तेवढं तेलुगू कुसुमताईंना येत होतं. "अहो, ऐका माझं," त्या मराठीत म्हणाल्या, "मी झाकले होते हो निखारे." मंगलानं त्यांना हाताला धरून खाली बसवलं आणि पाठीवरून हात फिरवला. "पुरे, वहिनी. किती पोटात घालशील तिचं? देवमाणूस आहेस."

एकट्या सुजाता मॅडमनी पेन उचललं. निखारे राखेखाली झाकून ठेवायचे नाहीत, हाही नियम घाला, असं त्या प्रकाशरावांना म्हणाल्या. तो घातला गेला. कुणी झाकले होते ते विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

कुसुमताई तिथून उठल्या आणि जवळजवळ पळत निघाल्या. मंगलाला म्हणाल्या, "तू नको येऊस." गेटपाशी कार उभी होती, पद्माचा भाऊ डिकीत शेवटची बॅग बसवत होता. त्यानं नमस्कार केला आणि भला माणूस म्हणून लांब जाऊन फोन बघत उभा राहिला. पद्मा पायरीवर बसली होती. म्हणजे ती थांबली होती. कुसुमताईंच्या जिवात जीव आला.

"बोललात?" पद्मानं विचारलं.

"बोलले. सगळ्यांसमोर, उभी राहून बोलले." त्यांना धाप लागली होती. "पण कुणी खरंच मानेना, पद्मा. टाळ्या वाजवल्या. म्हणाले, माझं मन मोठं आहे. मी तुझ्यावर पांघरूण घालतेय असं वाटलं त्यांना."

पद्माचा चेहरा वाकडा झाला, आणि त्या तीन महिन्यांत पहिल्यांदा ती त्यांच्यासमोर रडली. आवाज न करता, तळवे डोळ्यांवर दाबून. तळव्यांवरचे गुलाबी व्रण कुसुमताईंना दिसले.

"पहिलं वाक्य लगेच मानलं होतं सगळ्यांनी," ती म्हणाली.

"मी घरोघरी जाऊन सांगते. मलकपेठला जाते, चिक्कडपल्लीला जाते. पुण्याला फोन करते. तू थांब फक्त."

"सांगाल तेवढ्या तुम्ही मोठ्या व्हाल," पद्मा म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. जे दिसत होतं ते ती बोलली. "मी इथे राहिले तर लोक रोज मला तुमच्या उपकाराखाली बघतील. मला नाही जमणार. उदय असता तर जमलं असतं."

पद्मा वाकली, त्यांच्या पायांना हात लावला. कुसुमताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो उचलवेना. शेवटी पद्मानंच तो हळूच धरून बाजूला केला.

"वेळेवर जेवत जा, अत्तम्मा," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

गाडी वळेपर्यंत कुसुमताई गेटपाशी उभ्या होत्या. मग घरात आल्या. घर चकचकीत होतं. ओटा पुसलेला, डबे रांगेत, देवापाशी दिवा लावलेला. अंगणही झाडलेलं होतं. होळीच्या जागी फरशी काळवंडलेली होती, तिथे पद्मानं जाता जाता पांढरा छोटासा मुग्गू काढून ठेवला होता.

आणि खुर्चीपाशी तांब्याचं घंगाळ होतं. शेजारी टॉवेल, घडी घातलेला.

कुसुमताई खाली बसल्या, जमिनीवरच. हाताची मागची बाजू पाण्याजवळ नेली. ऊब लागली. म्हणजे गाडी दारात उभी असताना, सामान भरलेलं असताना, तिनं पाणी तापवलं होतं. त्यात मीठ घातलं होतं. त्या काय सांगत येणार आहेत हे कळायच्या आधीच.

त्यांनी पाय पाण्यात घातले नाहीत. हात तसाच धरून त्या तिथे बसून राहिल्या, पाणी गार होईपर्यंत.